बाकी काय काय घेता?

त्या पहाटेचं मला स्वतःला फार थोडं आठवतं. उशी ओली लागत होती, एवढं नक्की. बाकीचं ह्यांनी नंतर सांगितलं. १७ जुलै २०२४ ला आषाढी एकादशी होती. द्वादशीच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला मी झोपेत काहीतरी पुटपुटत होते. स्वप्न पडलं असेल असं वाटून ह्यांनी पाठीवर हात ठेवला, तर गाऊन घामानं चिंब. बाहेर पाऊस, डोक्यावर पंखा, आणि मी नुकती आंघोळ करून उठल्यासारखी. "अगं, काय होतंय?" असं विचारल्यावर मी म्हणाले, "शिक्का मारायचा राहिलाय." टपाल खात्यात ३१ वर्षं काउंटरवर काढून मला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ह्यांनी दिवा लावला, ग्लुकोमीटर काढला, माझं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला ४१.

साखर ७० च्या खाली गेली की उपाय करायचा आणि ५४ च्या खाली गेली की ते गंभीर, हे आम्हाला ठाऊक होतं. मधुमेहाचं निदान झालं २०१४ मध्ये, तेव्हाच डॉक्टरांनी ते एका कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. मला उठून बसता येत होतं, गिळता येत होतं, म्हणून ह्यांनी पेलाभर पाण्यात चार चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ६६, अजून थोडं साखरपाणी घेतल्यावर ८९. मग दूध आणि दोन बिस्किटं. मी भानावर आले, कपडे बदलले, "झोपा आता" असंही म्हणाले. ह्यांनी मात्र घड्याळाचा गजर लावून सव्वापाचला पुन्हा बोट टोचलं. ५७. तेव्हा रिक्षा बोलावली.

साखर खाऊन वर आलेली साखर दीड-दोन तासांत पुन्हा का घसरली, हे दवाखान्यात कळलं. मी तीन वर्षांपासून जी गोळी घेत होते तिच्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. मेटफॉर्मिन एकटं असलं तर साखर अशी सहसा पाडत नाही. ग्लिमेपिराइडचं काम वेगळं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न असो नसो, रक्तात साखर जास्त असो कमी असो, त्याचा रेटा चालूच राहतो, आणि तोही जवळजवळ दिवसभर. त्यामुळे या गोळीनं साखर उतरली तर एकदा गोड देऊन भागत नाही. माणसाला नजरेखाली ठेवावं लागतं. मला ग्लुकोजचं सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. दर तासाला बोट टोचत होते. संध्याकाळपर्यंत दहाही बोटं हुळहुळली.

दाखल करताना एका तरुण डॉक्टरांनी विचारलं होतं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी पिशवीतून चार पाकिटं काढून दिली. साखरेची ती दुहेरी गोळी, रक्तदाबाची मेटोप्रोलॉल, कोलेस्टेरॉलची अटॉर्व्हास्टॅटिन आणि पायांची आग होते म्हणून मिळालेली मज्जातंतूंची कॅप्सूल. त्यांनी ती केसपेपरवर उतरवली. मी खोटं काही बोलले नव्हते. मला खरोखरच वाटत होतं की माझी औषधं एवढीच आहेत.

दुपारी आमचे नेहमीचे डॉक्टर फेरीला आले. पेपर वाचला, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "काकू, ही गोळी तुम्ही तीन वर्षं घेताय. एकादशी तर त्याच्याही आधीपासून करताय, महिन्यातून दोन. गोळी तीच, उपास तोच. मग या वेळी बदललं काय?"

मी म्हटलं, काही नाही. आणि पायाशी उभे असलेले हे म्हणाले, "त्या बरण्या सांग की."

डॉक्टरांनी मान वर केली. "कसल्या बरण्या? बाकी काय काय घेता?"

हा प्रश्न मला दहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. आणि मीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं. मेथी भिजवून खाणं हे काय डॉक्टरांना सांगायचं असतं? कारल्याचा रस हा काय केसपेपरवर लिहायचा असतो? आपल्याकडे औषध म्हणजे जे केमिस्टकडून चिठ्ठीवर आणतात ते. स्वयंपाकघरात असतं, वैदूकडून येतं, भाचा परदेशातून पाठवतो, ते सगळं "असंच", "आपलं थोडं". मी कितीतरी बायकांना हेच दोन शब्द वापरताना ऐकलं आहे, आणि त्या पलंगावर पडून मी स्वतः तेच म्हणाले: "असंच आपलं थोडं घेते, डॉक्टर."

त्यांनी ह्यांना घरी पाठवलं. "जे काही तोंडात जातं ते सगळं आणा. रिकामी बाटली असेल तर तीही आणा." तासाभरात हे कापडी पिशवी घेऊन आले आणि डॉक्टरांनी एकेक वस्तू माझ्या पायांशी चादरीवर मांडली. भिजवायच्या मेथ्यांची बरणी. बिबल्याच्या लाकडाचा पेला, ज्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते तांबूस होतं. कारलं-जांभूळ रसाची बाटली. दालचिनीची पूड. गुडमारचं चूर्ण. बर्बेरिनच्या कॅप्सूल. "ब्लड शुगर सपोर्ट" असं नाव छापलेली दुसरी एक बाटली. केस गळतात म्हणून सुरू केलेलं बायोटिन. आणि यात्रेतल्या एका जडीबुटीवाल्याकडून घेतलेला पुडा, ज्यावर फक्त "मधुमेह मुळापासून" एवढं छापलेलं होतं. नऊ वस्तू. चार गोळ्या धरून तेरा.

हे सगळं एका दिवसात जमलं नव्हतं, ते सांगायला हवं. मेथ्या तर आईच्या घरापासूनच्या. बिबल्याचा पेला वहिनीनं भेट दिला. फेब्रुवारीत माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी ही सरासरी सांगणारी तपासणी, ७.९ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, "मे महिन्यापर्यंत बघू, नाहीतर आणखी एक गोळी वाढवावी लागेल." माझ्या आईला शेवटी इन्सुलिन लागलं होतं. दिवसातून दोनदा मीच टोचायची तिला. त्यामुळे "गोळी वाढवू" हे शब्द माझ्या कानात "आता तुझी पाळी" असे शिरले. मी मे महिन्यात दवाखान्यात गेलेच नाही. त्याऐवजी एकेक बरणी वाढवत गेले. ज्यानं त्यानं प्रेमानं सुचवलं, मी प्रेमानं घेतलं. दालचिनी मार्चमध्ये, रस एप्रिलमध्ये, गुडमार मे महिन्यात. गुडमारवर तर माझा फारच विश्वास बसला, कारण त्याचा पुरावा जिभेवर मिळतो. चूर्ण तोंडात घोळवलं आणि वर साखर खाल्ली तर साखर वाळूसारखी लागते. गोडीच जाते. जे जिभेवर साखरेला मारतं ते रक्तातही मारत असणार, असं मला वाटलं.

बर्बेरिन आलं जूनच्या अखेरीला. बहिणीचा मुलगा न्यू जर्सीला असतो. २०२३ मध्ये तिकडे समाजमाध्यमांवर त्याला "निसर्गाचं ओझेम्पिक" म्हणत होते. ओझेम्पिक म्हणजे मधुमेहाचं, वजन उतरवण्यासाठी गाजलेलं इंजेक्शन. त्यानं मला व्हिडिओ कॉलवर बाटली दाखवली आणि म्हणाला, "मावशी, हे दारुहळदीतलंच द्रव्य आहे. आपलंच." दारुहळद म्हटल्यावर मी विरघळले. आणि त्याचं खोटंही नव्हतं. २००८ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात नव्यानं निदान झालेल्या ३६ रुग्णांपैकी काहींना बर्बेरिन आणि काहींना मेटफॉर्मिन, दोन्ही दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम, असं तीन महिने दिलं होतं आणि दोन्ही गटांत साखर जवळजवळ सारखीच उतरली होती. मी दिवसातून दोनदाच घेत होते. कमीच घेतेय, म्हणून निर्धास्त होते.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच बाटली उचलली.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. आपण घेतलेली बरीच औषधं यकृतात मोडली जातात आणि मोडण्याचं काम तिथली वेगवेगळी एन्झाइम्स करतात. ग्लिमेपिराइड ज्या एन्झाइमकडून मोडलं जातं त्याचं नाव सीवायपी२सी९. दोन आठवडे बर्बेरिन दिलेल्या निरोगी माणसांवरच्या एका अभ्यासात हे एन्झाइम मंदावलेलं आढळलं आहे, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन. म्हणजे मी गोळी एक मिलिग्रॅमचीच घेत होते, पण ती अंगात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहत असण्याची शक्यता होती. शिवाय बर्बेरिन स्वतः साखर उतरवतं, ते वेगळंच. त्या आणखी दोन एन्झाइम्सपैकी एकाकडे माझी मेटोप्रोलॉल जाते आणि दुसऱ्याकडे अटॉर्व्हास्टॅटिन. एका बाटलीचा माझ्या चारांपैकी तीन गोळ्यांशी संबंध पोहोचत होता.

मेटोप्रोलॉलचं ऐकून मला एक गोष्ट उलगडली. साखर उतरली की छातीत धडधडतं, हात कापतात, असं फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं होतं. मला ना धडधड झाली, ना कापरं भरलं. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या ही लक्षणं दाबतात. घाम मात्र दाबत नाहीत. ह्यांच्या लक्षात आलं ते घामामुळे. मी एकटी झोपलेली असते तर काय झालं असतं, याचा विचार आजही मी पुरता करू शकत नाही.

घरी आल्यावर मी माझ्या हातचं काम केलं. रजिस्टर आखलं. आयुष्यभर तेच केलं होतं. डाव्या बाजूला तेरा वस्तू, वर आडव्या ओळीत त्यांच्यातले घटक, आणि जो घटक ज्यात असेल तिथे फुली. बाटल्यांची मागची बाजू वाचायला भिंग लागलं. दोन तास गेले. आणि उभ्या रकान्यांत फुल्यांवर फुल्या दिसायला लागल्या. गुडमार चूर्णात होतंच, "ब्लड शुगर सपोर्ट"मध्येही होतं. दालचिनीही दोन ठिकाणी. अल्फा लिपॉइक आम्ल भाच्यानं पाठवलेल्या त्या बाटलीत होतं आणि डॉक्टरांनी दिलेल्या पायांच्या कॅप्सूलमध्येही होतं, ते मला माहीतच नव्हतं. कारल्याचा अर्क रसाखेरीज आणखी एका ठिकाणी. मी एकेक गोष्ट "थोडी" घेत होते खरी, पण बेरीज कुणीच केली नव्हती. काउंटरवर रोज संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय आम्ही उठत नसू, आणि इथे पाच महिने मी बेरीजच मांडली नव्हती.

ते रजिस्टर घेऊन मी चार दिवसांनी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते दहा मिनिटं वाचलं, त्याची झेरॉक्स काढून माझ्या फाइलला लावली. मग पुढचं ठरलं.

पहिली पायरी, सगळं बंद. नऊच्या नऊ वस्तू बंद, ग्लिमेपिराइड बंद. मेटफॉर्मिन चालू. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. पायांची कॅप्सूलही तूर्त थांबवली. त्याचं कारण त्यांनी सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. अल्फा लिपॉइक आम्लामुळे क्वचित काही माणसांच्या शरीरात स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. ती इन्सुलिनला धरून ठेवतात आणि भलत्या वेळी सोडतात, मग साखर अचानक कोसळते. हा आजार पहिल्यांदा जपानमध्ये हिराता यांनी १९७० मध्ये वर्णन केला. तिकडे तो जास्त दिसतो, इथे अगदी विरळा. "तुम्हाला तो असेल असं मला वाटत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण सगळं बंद करूनही रात्रीची साखर पडतच राहिली तर मला ती तपासणी करावी लागेल. म्हणून नीट नोंदी ठेवा."

दोन आठवडे मी दिवसातून सहा वेळा मोजलं. उपाशीपोटी, नाश्त्यानंतर दोन तासांनी, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना आणि पहाटे तीन वाजता. पहाटेचा गजर ह्यांच्या फोनवर. पहिल्या रात्री १०४, मग ११२, ११८. एकदाही ९० च्या खाली नाही. प्रतिपिंडांची तपासणी करायची वेळ आली नाही.

पण दुसऱ्या आठवड्यात उपाशीपोटीचे आकडे चढायला लागले. १२८, १३४, १४१, १४६. जेवणानंतरचे १९० च्या पुढे. हे लिहिताना मला काही लपवायचं नाही. त्या नऊ बरण्यांत काहीच दम नव्हता असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. त्यांच्यात दम होता. दवाखान्यात काढलेली माझी तीन महिन्यांची साखर ६.४ आली होती, फेब्रुवारीत जी ७.९ होती. तो कागद एरवी माझ्या हातात पडला असता तर मी पेढे वाटले असते. डॉक्टरांनी त्या आकड्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ही सरासरी आहे, काकू. सरासरीत खड्डेसुद्धा धरलेले असतात." मग मी मागचे दिवस आठवले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी उठल्यावर डोकं जड असायचं. रात्री भीतीची स्वप्नं पडायची. अकराच्या सुमाराला अशी भूक लागायची की हातातली भाजी टाकून मी गूळ-शेंगदाणे खायची. मी ते हवेवर ढकललं होतं. ते बहुधा छोटे छोटे खड्डे होते, एकादशीनं फक्त मोठा दाखवला.

एक गोष्ट मला इथे फार बोचते, ती थोडी सविस्तर सांगते. यातल्या बऱ्याच वनस्पतींवर काम झालेलं आहे, चांगलं काम. बिबल्यावर आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं १९९० च्या दशकात रुग्णांवर चाचणी घेतली होती. पण ते रुग्ण नव्यानं निदान झालेले, सौम्य साखरेचे होते. ज्यांना कुठलीच गोळी चालू नाही अशा माणसांत बिबला किती साखर उतरवतो, हा तो प्रश्न. माझा प्रश्न तो नव्हताच. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, मेटोप्रोलॉल घेणाऱ्या, महिन्यातून दोनदा उपास करणाऱ्या ५७ वर्षांच्या बाईनं बिबला, गुडमार, कारलं, दालचिनी आणि बर्बेरिन एकत्र घेतलं तर काय होतं, याची चाचणी कुणीच घेतलेली नसते. घेणार तरी कोण? ती मी माझ्यावर घेत होते, आणि मोजमाप न ठेवता.

यात्रेतल्या पुड्यावर डॉक्टर सगळ्यात कठोर झाले. आधी मला वाटलं होतं, बर्बेरिन परदेशी म्हणून ते रागावले असतील आणि हा पुडा गावठी म्हणून सोडून देतील. उलट झालं. बाकी बाटल्यांवर निदान घटक छापलेले होते, परवाना क्रमांक होता. चूर्णावर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना होता, रसावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक होता, "औषधी वापरासाठी नाही" असंही बारीक अक्षरांत होतं. पुड्यावर काहीच नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. म्हणजे "मधुमेह मुळापासून" हे दोन शब्द छापणं हाच गुन्हा. आणि खरी भीती वेगळीच. अशा पुड्यांत कुणी साखरेच्या ॲलोपॅथी गोळ्याच कुटून मिसळलेल्या असू शकतात. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेली दीडशे माणसं साखर उतरून इस्पितळात आली. शोध घेतला तर त्यांतल्या कित्येकांनी पुरुषांसाठीच्या शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यांत ग्लिबेनक्लामाइड होतं, माझ्या ग्लिमेपिराइडचंच भावंड. चार जण दगावले. माझ्या पुड्यात तसं काही होतं असं मी म्हणत नाही, तो तपासायला दिला नव्हता. पण त्यात काय आहे हे सांगायला जगात कुणी बांधील नाही, एवढं मला पुरेसं होतं.

दालचिनीचंही असंच डोळे उघडणारं. बाजारात स्वस्त मिळते ती जाड सालीची, एकाच वळणाची. ती कॅसिया. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरलेली आहे. मी रोज सपाट एक चमचा पूड गरम पाण्यातून घेत होते, शिवाय कॅप्सूलमधली. श्रीलंकेची दालचिनी पातळ, कागदाच्या गुंडाळीसारखी अनेक पदरांची असते, तिच्यात कुमारिन नावालाच. माझी यकृताची तपासणी केली, सुदैवानं ठीक आली. बायोटिनचा साखरेशी संबंध नव्हता, पण त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे दिसू शकतात, म्हणून ते बंद करून मगच माझं थायरॉइड तपासलं.

मधल्या काळात मी आमच्या ओळखीच्या वैद्यांकडेही गेले. मनात होतं की ते तरी म्हणतील, चूर्ण चालू ठेवा. सत्तरीचे आहेत, चार पिढ्यांचं घराणं. त्यांनी माझं रजिस्टर चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "बाई, गुडमार मी देतो, पण देताना तुमची भूक बघतो, कोठा बघतो, वजन बघतो आणि दर पंधरा दिवसांनी बोलावतो. तुम्ही दुकानातून आणलंत, त्याची मात्रा कुणी ठरवली? शिवाय ती गोळी चालू असताना मी दिलं असतं, तर आधी तुमच्या डॉक्टरांना कळवलं असतं." आणि त्यांनी खरंच आमच्या डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी लिहून माझ्याजवळ दिली. दोन्ही हातांनी एकमेकांना धरावं तशी ती चिठ्ठी मला वाटली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

दुसरी पायरी सप्टेंबरपासून. ग्लिमेपिराइड परत सुरू झालंच नाही. त्याऐवजी सिटाग्लिप्टिन, जे साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिनला मदत करतं आणि एकटं किंवा मेटफॉर्मिनबरोबर असताना साखर अशी पाडत नाही. पूर्वी ते महाग होतं. २०२२ च्या जुलैत त्याचं पेटंट संपल्यापासून आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ते बनवतात आणि ते माझ्या निवृत्तिवेतनात बसतं. म्हणजे ज्या "आणखी एका गोळी"ला घाबरून मी पाच महिने धावत होते, ती घेऊन मी सुरक्षित झाले.

मग मी विचारलं, "मेथ्या तरी?" डॉक्टर हसले. म्हणाले, "एक एक. एका वेळी एकच, तीन आठवडे, आणि नोंद." पहिल्यांदा मेथ्या आल्या, रोज एक चमचा भिजवलेल्या, पण गोळ्यांपासून दोन तास दूर. मेथीचा चिकट तंतू गोळीलाही धरून ठेवू शकतो, हे मला नवीन होतं. पूर्वी मी मेथीच्या पाण्यानंच गोळी गिळत होते. नाश्त्यानंतरचा आकडा थोडा उतरला, माझ्यापुरता तरी. नंतर कारलं, पण रस नाही, भाजी. आठवड्यातून दोनदा, चिंच-गूळ न घालता. श्रीलंकेची दालचिनी चहात चिमूटभर, चवीपुरती. पायांची कॅप्सूल बदलून अल्फा लिपॉइक नसलेली मिळाली. बर्बेरिन, गुडमार, ती दुसरी बाटली आणि पुडा परत आले नाहीत. बिबल्याचा पेला देवघराजवळच्या फळीवर आहे, वहिनीची आठवण म्हणून.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी व्यवस्था आहे, हेही मला या निमित्तानं कळलं. २०१० पासून चालते, मुख्य केंद्र गाझियाबादला, आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. रुग्णानं स्वतः भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. मी तो भरला. "इतर घेत असलेली उत्पादने" या अर्थाच्या रकान्यात जागा पुरेना, मग रजिस्टरचं पान जोडलं. अन्न व औषध प्रशासनाला पुड्याबद्दल वेगळं पत्र लिहिलं आणि पुड्याच्या वेष्टनाचा फोटो जोडून रजिस्टर्ड डाकेनं पाठवलं.

भाच्याला सांगणं हे सगळ्यात अवघड गेलं. मी महिनाभर टाळलं. शेवटी बहिणीकडून त्याच्या कानावर गेलंच आणि त्याचा मध्यरात्री, म्हणजे त्याच्या मध्यरात्री, फोन आला. बाटली हातात घेऊनच बसला होता. मागच्या बाजूचं बारीक अक्षर त्यानं मला वाचून दाखवलं: इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. "मावशी, हे मी वाचलंच नव्हतं गं," म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू मला माझी साखर विचारलीस, माझ्या गोळ्या नाही विचारल्यास. आणि मी तुला गोळ्या नाही सांगितल्या, डॉक्टरांना बाटली नाही सांगितली. मधे मीच उभी होते ना दोघांच्या."

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आली. उपास करायचा की नाही यावर घरात बरंच बोलणं झालं. डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारलं. त्यांनी निर्जळी आणि नुसती फळं या दोन्हींना नाही म्हटलं. भगर, दाण्याची आमटी, ताक, दिवसात तीन वेळा थोडं थोडं, आणि पाच वेळा मोजणं. झोपताना १३१. पहाटे तीनला ह्यांच्या फोनचा गजर झाला, तेव्हा ११२. हे म्हणाले, "विठ्ठल," आणि दिवा बंद केला.

गेल्या आठवड्यात वन्संचा फोन आला. त्यांना मधुमेह होऊन सहा वर्षं झाली. "वहिनी, ते गुडमार कुठनं आणलं होतंस गं? तुझं पडूनच आहे ना, मला दे." मी म्हटलं, "वन्सं, देईन की नाही ते नंतर. आधी रविवारी या, आणि घरातलं सगळं घेऊन या. गोळ्या, बाटल्या, पुड्या, आणि रात्री झोपताना घेता ते त्रिफळासुद्धा."

"त्रिफळा कशाला? ते काय औषध आहे?"

"घेऊन या," म्हटलं.

रविवारी त्या आल्या, दोन पिशव्या भरून. मी चादर अंथरली, रजिस्टरचं कोरं पान काढलं, डावीकडे समासाची रेघ मारली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.